नाटकातली वाट, सातबाऱ्यावरची वाट

कुठल्याशा गावात दोन समाजांत कुरबूर झाली, की महिना-पंधरा दिवसांत मला कुणाचा तरी फोन येतो. कधी एखाद्या संस्थेचा, कधी कॉलेजच्या एनएसएसवाल्या सरांचा, कधी थेट सरपंचाचा. "ताई, सलोख्याचं एक पथनाट्य बसवून द्या. अर्ध्या तासाचं. शेवटी सगळे हातात हात घेतात, असं काहीतरी." तारीख, गाडी, मानधन हे सगळं नंतर, मी आधी विचारते, भांडण नेमकं कशाचं आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "तसं कशाचं नाही हो, वातावरण खराब झालंय." वातावरण आपोआप खराब होत नाही. त्याच्या बुडाशी जमिनीचा तुकडा असतो, मिरवणुकीचा रस्ता असतो, नळाची वेळ असते, नाहीतर पंचायतीतलं एखादं पद असतं. ते कळल्याशिवाय नाटक बसवायला घेतलं, तर हाती नुसते सुविचार उरतात आणि ते शाळेच्या भिंतीवर आधीच रंगवलेले असतात.

मराठवाड्यातल्या खेड्यांत हे काम करता करता माझ्या लेखी भांडणांचे दोन प्रकार पडले. एकात दोन्ही बाजू साधारण बरोबरीच्या असतात. दुसऱ्यात एकीच्या हातात जमीन, पंचायत, पोलीस पाटील सगळं असतं आणि दुसरीच्या हातात फार तर एक अर्ज. दोन्हींना 'तेढ' हेच नाव मिळतं आणि दोन्हींवर 'एकोपा' हाच उतारा सांगितला जातो. नाटकानं माणसं जवळ येतात, हे मी पाहिलेलं आहे. पण जवळ यायचं म्हणजे कुणी किती चालायचं, याचा हिशेब प्रत्येक गावात नव्यानं मांडावा लागतो.

मी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात, नाट्यशास्त्र विभागात शिकले. या विद्यापीठाच्या नावावरूनच मराठवाडा दुभंगला होता. २७ जुलै १९७८ ला त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात मंजूर झाला, त्यापाठोपाठ खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं पेटवली गेली; आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत ते दुखणं चालूच राहिलं. आमच्या वर्गात दोन्हीकडच्या घरांतली मुलं होती. ज्यांच्या घरी तो विषय निघाला की मोठी माणसं गप्प बसत, अशी मुलं तालमीत एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसायची, एकमेकांचे संवाद सांभाळायची, एकाच डब्यातलं खायची. माझं पहिलं शिक्षण तिथंच झालं.

तेव्हा आम्ही पथनाट्यं करायचो. डफ, गळ्यात पंचे, चौकात गोल आणि मध्ये आम्ही. सफदर हाश्मी आमचे आदर्श. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळच्या झंडापूरला 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. आणि ४ जानेवारीला त्यांची पत्नी मोलयश्री आणि बाकीच्या नटांनी त्याच जागी जाऊन नाटक पुरं केलं. त्या धैर्यापुढं आजही मान लवते. पण आमच्या स्वतःच्या प्रयोगांत एक गोष्ट खटकत राहायची. प्रेक्षक माना डोलवायचे, टाळ्या वाजवायचे आणि उठून आपापल्या आळीत जायचे. आमचं नाटक त्यांना पटायचं, आणि पटण्याचा त्यांना काही त्रास व्हायचा नाही.

ब्राझीलचे ऑगस्तो बोआल यांना हा त्रास आमच्या कितीतरी आधी झाला होता. त्यांनीच सांगितलेली हकिकत आहे. ते आपली मंडळी घेऊन ईशान्य ब्राझीलच्या शेतमजुरांपुढे नाटक करत होते. नट खोट्या बंदुका उंचावून, जमिनीसाठी रक्त सांडायला हवं, असं गात होते. प्रयोग संपल्यावर एक शेतकरी उत्साहानं पुढे आला : चला, जमीनदाराच्या माणसांना हुसकून लावू, तुमच्या बंदुका आणा. नटांनी सांगितलं, या बंदुका नाटकातल्या आहेत. तो म्हणाला, बंदुका राहू द्या, तुम्ही तर खरे आहात ना, आमच्याकडच्या घ्या. मंडळींची तारांबळ उडाली. मग त्या शेतकऱ्याला उमगलं की हे लोक ज्या रक्ताबद्दल गातात ते आपलं आहे, त्यांचं नाही. आपण ज्याची किंमत देणार नाही तो सल्ला लोकांना द्यायचा नाही, हे बोआल यांनी तेव्हापासून गाठीला बांधलं.

पुढे १९७३ साली पेरूमध्ये साक्षरतेच्या मोहिमेत काम करताना त्यांना वाट सापडली. प्रसंग अवघड जागी आणून थांबवायचा, प्रेक्षकांना उपाय विचारायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा, असं चाललं होतं. एका बाईला आपला उपाय नटांनी कसाही करून दाखवला तरी पटेना. शेवटी बोआल यांनी तिलाच मंचावर बोलावलं. तिथून 'फोरम थिएटर' सुरू झालं. एक अन्यायाचा प्रसंग शेवटपर्यंत, पराभवापर्यंत करून दाखवायचा. मग तोच पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकानं 'थांबा' म्हणायचं, ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं काहीतरी करून बघायचं. समोरचे नट सहजासहजी नमत नाहीत. मधला सूत्रधार, ज्याला बोआल 'जोकर' म्हणतात, तो नुसता विचारत राहतो. भारतात हे काम सर्वांत चिकाटीनं केलं ते संजय गांगुली यांच्या 'जन संस्कृती'नं, १९८५ पासून, बंगालच्या खेड्यांत.

प्रयोग मध्येच थांबवून लोकांशी बोलणारा माणूस आपल्याला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न'मध्ये विदूषक हेच करतो. जोशी भोळ्या कुणबी जोडप्याला नाडत असतो आणि विदूषक मधे मधे येऊन त्याची फोड करत जातो; शेवटी ते जोडपं रात्रीच्या शाळेची वाट धरतं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक नाकारलं. पण सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकरांचं १९४४ चं लाल बावटा कलापथक, ही सगळी त्याच कुळातली. तमाशातला सोंगाड्या पाटलाच्या तोंडावर पाटलाची टर उडवतो आणि पाटील हसतो, ही सवलत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मी गावात उभी राहते ती याच सवलतीच्या जोरावर.

आता त्या वाटेची गोष्ट. गाव गोदाकाठचं, नाव सांगत नाही. दलित वस्तीची स्मशानभूमी ओढ्यापलीकडे होती आणि तिकडे जाणारी पायवाट एका शेतातून. पूर्वी बैलगाडी जाईल एवढी होती, असं म्हातारी माणसं सांगत. दरवर्षी नांगराच्या एकेका तासानं ती अरुंद होत गेली आणि शेवटी बांधच उरला. पावसाळ्यात कुणी गेलं तर मयत खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून, दुसऱ्याच्या कपाशीतून जायचं आणि वर बोलणी खायची. एका अंत्यविधीच्या वेळी त्यावरून हाणामारीची वेळ आली, तेव्हा 'वातावरण खराब' झालं आणि आम्हाला बोलावलं गेलं.

प्रयोग कुठं करायचा, इथंच निम्मं नाटक ठरतं. मारुतीच्या पारापुढे केला तर वस्तीतल्या बाया येऊन मागं उभ्या राहणार. बुद्धविहारापुढे केला तर गावातलं कुणी फिरकणार नाही. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान घेतलं. खुर्च्या मांडू द्यायच्या नाहीत, हा माझा जुना नियम आहे. खुर्ची आली की ती कुणाला द्यायची हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. सगळे जाजमावर, सरपंचबाईसुद्धा. चहा कागदी कपांतून. दोन कपबश्यांचा जुना प्रश्न गावानं कधी सोडवला नाही. कागदी कपानं तो परस्पर मिटवला आणि कुणाला काही कबूल करावं लागलं नाही. या गोष्टीचं मला बरंही वाटतं आणि वाईटही.

नाटक वस्तीतल्या पोरांनी आणि गावातल्या दोन मुलांनी मिळून बसवलं होतं. तालमीच्या काळात संस्थेच्या एका कार्यकर्त्यानं सुचवलं, वस्तीतल्या पोराला जमीनमालकाचं काम देऊ, म्हणजे त्याला मालकाचीही बाजू कळेल. पोरं हसायला लागली. एक म्हणाला, "ताई, मालकाची बाजू आम्हाला पाठ आहे. जन्मापासून तीच ऐकतोय." मी तो विषय तिथंच संपवला. ज्याला रोज दुसऱ्याच्या मर्जीवर जगायचं असतं, तो त्या दुसऱ्याचा चेहरा बारकाईनं वाचायला शिकलेलाच असतो. त्याला आणखी समजूतदार व्हायला सांगणं म्हणजे चालायचं सगळं त्यानंच.

प्रयोगात बाप वारलेला मुलगा मालकाकडे वाट मागायला जातो, सरपंचाकडे जातो, तलाठ्याकडे जातो आणि शेवटी कपाशीतून तिरडी नेताना अडवला जातो. इथपर्यंत मैदान गप्प होतं. दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा पहिला 'थांबा' आला तो गावातल्या एका मध्यमवयीन शेतकऱ्याचा. त्याला मुलाच्या जागी जायचं नव्हतं. त्याला नाटकातला 'पाटील' व्हायचं होतं. नियमानं हे बसत नाही. अन्याय करणाऱ्याला एकदम देवमाणूस करून टाकायचं, याला बोआलच्या परंपरेत जादू म्हणतात आणि जादू चालत नाही. पण मी त्याला येऊ दिलं. जादू आहे की नाही, हे सूत्रधारानं सांगण्यापेक्षा लोकांनी ओळखलेलं बरं असतं.

तो आला, पंचा खांद्यावर टाकला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "अरे लेकरा, मेलेल्या माणसाशी कसलं वैर? जा, खुशाल माझ्या शेतातून ने." टाळ्या पडल्या. काहींचे डोळे भरून आले. सलोख्याचं नाटक करायला बोलावलेल्यांना हवं होतं ते सगळं झालं होतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "असं आपल्या गावात होईल का?" कुणी बोलेना. मग बायकांतून एक म्हातारी बसल्या जागेवरनं म्हणाली, "पाटील, नाटकात वाट दिली तुमी. सातबाऱ्यावर कव्हा देता?"

आधी हशा पिकला, मग तो विरला. आता हे नीट पाहण्यासारखं आहे. त्या शेतकऱ्याचं आडनाव पाटील नव्हतं. एरवी ती त्याला 'मालक' म्हणते आणि मालकाला असं विचारण्याची तिची टाप नव्हती. पण त्या घडीला तो पंचा घेतलेला नाटकातला पाटील होता, आणि पाटलाला कुणीही काहीही विचारू शकत होतं. तोही रागावू शकत नव्हता, कारण प्रश्न त्याला होताच कुठं? त्या आडोशामुळे जे वर्षानुवर्षं बोललं गेलं नव्हतं ते भर मैदानात बोललं गेलं. नाटकाकडे एवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

तिथून चर्चेचा नूर पालटला. मेलेल्याशी वैर, माणुसकी, संतांची शिकवण हे सगळं मागं पडलं. गावनकाशावर ती वाट तुटक रेषेनं दाखवलेली आहे का, कुणी बघितलंय? नसेल तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद करता येते का? मोजणीचे पैसे कुणी भरायचे? ज्याचं शेत जातंय त्याचंही काही जातंच ना, पंचायत त्याला काय देणार? हा शेवटचा प्रश्न वस्तीतल्याच एका मुलानं विचारला. तो ऐकून शेताचा खरा मालक, जो इतका वेळ मागं मोटारसायकलला टेकून उभा होता, पहिल्यांदा जाजमावर येऊन बसला.

पुढं विषय ग्रामसभेत गेला; त्याआधीच्या महिला सभेतही त्या म्हातारीनं तो लावून धरला. पंचायतीनं मुरूम टाकला आणि आता ट्रॅक्टर जाईल एवढी वाट झाली आहे. सातबाऱ्यावरची नोंद मात्र अजून व्हायची आहे. म्हणजे आज वाट आहे ती मालकाच्या शब्दावर, आणि शब्द देणारा माणूस बदलला की काय होतं हे वस्तीला ठाऊक आहे. बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ शहराचे नगरसेवक होते. लोकांनी फोरममध्ये मांडलेल्या मागण्यांतून त्यांनी तेरा कायदे करून घेतले, ते मला त्यांच्या सगळ्या पुस्तकांहून मोठं वाटतं. मैदानात वितळलेलं मन कागदावर उतरलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा घट्ट होतं.

बरोबरीच्या भांडणात मात्र मी याच्या उलट वागते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीला मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला आणि आरक्षणाचा प्रश्न जालना-बीडच्या घराघरांत शिरला. मराठा आणि ओबीसी, दोन्ही बाजूंची शेतकऱ्यांचीच पोरं. एका बाकावर शिकलेली, एका संघातून कबड्डी खेळलेली. लोकसभेच्या निवडणुकीपर्यंत अशी पाळी आली की कुणाच्या कटिंगच्या दुकानात जायचं आणि कुणाच्या टपरीवर चहा प्यायचा, हेही आडनाव बघून ठरू लागलं. इथं कुणी कुणाच्या मर्जीवर जगत नव्हतं. इथं एकमेकांची बाजू ठाऊक नसणं, हाच मोठा अडथळा होता. म्हणून इथं मी जागा बदलायला लावल्या.

तालमीतला खेळ सोपा होता. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं दुसऱ्याची बाजू मांडायची आणि दुसरा 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. मराठा घरातला एक मुलगा मोठ्या तयारीनं उभा राहिला आणि ओबीसी मित्राच्या वतीनं, ताटातलं हिसकावून घेतायत वगैरे झोकात बोलला. मित्र मान हलवत म्हणाला, "हे माझं नाहीये. हे स्टेटसवरचं आहे." मग प्रश्न विचारत विचारत पुढं जावं लागलं. पोलीस भरतीत तो दोन मार्कांनी हुकलेला होता. पुन्हा बसायचं तर रोज पहाटे पळायचं, अकादमीची फी भरायची, आणि घरात त्या एका जागेच्या आशेवर बहिणीचं लग्न थांबलेलं. ते सगळं मांडून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "हां. हे माझं."

मग पाळी बदलली. ओबीसी घरातला मुलगा आता मराठ्यांच्या वतीनं बोलत होता. त्यानंही आधी भाषणच केलं आणि त्यालाही मित्रानं थांबवलं. "आम्हाला सगळे जमीनदार म्हणतात. वाटण्या होऊन माझ्या बापाकडे दीड एकर आहे. सोयाबीनचा भाव तुला माहितीये. मुंबईत मोर्चाला गेलो तेव्हा डब्यात शेंगदाण्याची चटणी होती, ते सांग." हे सांगितल्यावर दोघंही थोडं हसले, कारण चटणी दोघांच्याही डब्यात असायची.

आरक्षणावर त्यांचं एकमत झालं नाही. व्हायची गरजही नव्हती. तो प्रश्न सोडवायला विधानसभा आहे, न्यायालयं आहेत. पण दोघांनी मिळून एक प्रसंग लिहिला, ज्यात दोन मित्र एकाच भरतीच्या रांगेत उभे असतात आणि रांगेच्या तोंडाशी जागाच चार असतात. तो प्रसंग गावात केला तेव्हा चर्चा जातीवरून सरकली आणि जागा एवढ्या कमी का, सोयाबीनचे पैसे का होत नाहीत, इथं पोचली. गावच्या हरिनाम सप्ताहाची पंगत दोन ठिकाणी मांडायचं चाललं होतं, ती एकच राहिली. त्याचं श्रेय मी नाटकाला देणार नाही. गावात अजून चार जुनी माणसं शहाणी होती. नाटकानं त्यांना बोलायला निमित्त दिलं.

सोबत काम केल्यानं काय घडतं, याचे मोठे दाखले आपल्या रंगभूमीवर आहेत. २०१२ साली अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. जांब समर्थसारख्या जालन्यातल्या गावच्या शेतकरी नटांनी केलेलं, राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं आणि नंदू माधव यांनी बसवलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' महाराष्ट्रभर गाजलं. संभाजी भगत यांच्या शाहिरीनं ते पेललं होतं. ज्या नावांवरून माणसं एकमेकांवर धावून जातात, त्याच नावांबद्दल हे नाटक हसतखेळत खडे सवाल करतं आणि तिकीट काढून आलेले लोक ते ऐकून घेतात. दोन्हींत मला तालीम मोठी वाटते. महिनोन्‌महिने शब्द घासत बसल्यावर माणूस जे बोलतो, ते त्याचं होऊन जातं.

आमच्या नाटकाची एक गंमतही सांगायला हवी. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी संहिता द्यावी लागते. ज्याचा शेवट समोरची म्हातारी ठरवणार, त्याची संहिता काय द्यायची? 'सातबाऱ्यावर कव्हा देता' हे वाक्य कुठल्या पानावर लिहायचं?

हल्ली त्या गोदाकाठच्या गावातली पोरं स्वतःच प्रयोग करतात. दोन सूत्रधार असतात, एक वस्तीतला, एक गावातला. आणि आधी कुणी बोलायचं यावरून त्यांची दर वेळी जुंपते. त्यांनी सर्वांत आधी माझं प्रास्ताविक कापलं. आता नवं नाटक गायरानावरच्या अतिक्रमणाचं चालू आहे, त्यात अडकलेले लोक सगळ्या जातींचे आहेत आणि पोरांच्या दोघा नातेवाइकांचीही नावं यादीत आहेत. मी तालमीला गेले तेव्हा डफाशेजारी तलाठ्याकडून आणलेल्या उताऱ्यांची फाईल ठेवलेली दिसली. प्रयोगाच्या शेवटी कोण रडलं, कोण गळ्यात पडलं, याची नोंद ते ठेवत नाहीत. कुणी काय सोडायला तयार झालं आणि ते कुणासमोर कबूल केलं, एवढंच वहीत लिहितात, आणि पुढच्या ग्रामसभेला ती वही घेऊन जातात.